राजकीय व्याख्यानाचें टांचण

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, हें वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. १९३९ सालीं उजेडांत आलेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळें वाकाटकांच्या तेथील शाखेचा अस्सल पुरावा हातीं आला. परंतु या नगराची एक कथा ताम्रपटांत नसून राजशेखराच्या काव्यमीमांसेंत आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषास वळविण्यासाठीं गौरीनें साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग पूर्वेस गेली, पांचालांत गेली, अवंतींत गेली, दक्षिणेंत गेली. देश बदलला कीं ती वेष, विलास आणि वचनाची रीति बदलीत असे. शेवटीं विदर्भांत, वत्सगुल्म नगरीं, काव्यपुरुष पुरता वश झाला आणि तेथें दोघांचा गांधर्वविवाह झाला. साहित्यशास्त्रज्ञ ही कथा रीतींची उपपत्ति म्हणून वाचतात. मला ती मन वळविण्याच्या कलेची कथा वाटते: हेतु एक, ऐकणाराहि एक, पण ठिकाणागणिक मांडणी निराळी.

हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत पहिल्या क्रमांकानें १९१६ सालीं छापला गेला. त्याच सालीं मराठी राजकीय वक्तृत्वाची जी परीक्षा न्यायालयांत झाली, तिचा विचार येथें कर्तव्य आहे. कारण प्रचाराचें व्याख्यान कसें आंखावें हें त्या प्रकरणावरून जितकें कळतें तितकें वक्तृत्वावरील पाठ्यपुस्तकांवरून कळत नाहीं.

२८ एप्रिल १९१६ रोजीं बेळगांवीं होमरूल लीगची स्थापना झाली. तिच्या सहा शाखांपैकीं दोन एकट्या वऱ्हाडाकरितां होत्या. लगेच १ मे रोजीं बेळगांवास, आणि ३१ मे व १ जून रोजीं अहमदनगरास लोकमान्य टिळकांनीं स्वराज्यावर व्याख्यानें दिलीं. सरकारी लघुलेखकांनीं तीं टिपून घेतलीं. २३ जुलै रोजीं, षष्ट्यब्दिपूर्तीच्या दिवशींच, टिळकांच्या हातीं नोटीस पडली. पुण्याच्या डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेटनें एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीबद्दल रु. २०,००० चा जातमुचलका व रु. १०,००० चे दोन जामीन मागितले. हायकोर्टांत टिळकांच्या बाजूनें बॅरिस्टर जिना उभे राहिले, आणि ९ नोव्हेंबर रोजीं न्यायमूर्ति बॅचलर व शहा यांनीं मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला.

आतां या व्याख्यानांचा सांगाडा पाहूं. आरंभीं शब्दाचा अर्थ ठरविला आहे: स्वराज्य म्हणजे आमच्या घरचा कारभार आमच्या हातीं असणें, याहून अधिक कांहीं नाहीं. लागलीच दुसऱ्या पायरीस, श्रोत्याच्या मनांत जी शंका उभी राहणार ती वक्त्यानें स्वतःच काढली आहे: हा राजद्रोह नव्हे काय? तिचें उत्तर वेदांताच्या परिभाषेंत आहे. अव्यक्त सरकार निराळें व व्यक्त सरकार निराळें. पुजारी बदला म्हणणारा देव बदला असें म्हणत नाहीं. तिसऱ्या पायरीस इतिहास: १८५८ सालीं कंपनीचें राज्य गेलें, पण कंपनीची कारभाराची तऱ्हा राहिली. नगरच्या व्याख्यानांत ‘परकी’ या शब्दाची फोड आहे. परकेपणा धर्मावर किंवा कातडीच्या रंगावर ठरत नसून हितसंबंधांवर ठरतो, असा त्या विवेचनाचा आशय आहे. या सर्वांचा रोंख एकाच मागणीकडे आहे, आणि ती मागणी पार्लमेंटनें कायदा करावा अशी सनदशीर आहे.

पुजाऱ्याचा दृष्टांत दुसऱ्या पायरीस कां, चौथ्या पायरीस कां नाहीं? १९०८ च्या खटल्यानंतर सहा वर्षें मंडाले भोगून आलेला मनुष्य बोलत होता व ऐकणारांस तें ठाऊक होतें. भ्यालेल्या श्रोत्याच्या कानांत युक्तिवाद शिरत नाहीं. प्रथम भीति काढावी, मग इतिहास सांगावा. हा क्रम उलटा झाला असता तर तींच वाक्यें चिथावणीचीं ठरलीं असतीं.

गीतारहस्य १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या आरंभीं ग्रंथाचें तात्पर्य ठरविण्याचीं मीमांसकांचीं साधनें टिळकांनीं विवेचिलीं आहेत: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद व उपपत्ति. वाचकाचीं हीं साधनें उलटीं धरलीं कीं वक्त्याचें टांचण तयार होतें. ज्या मागणीवर थांबावयाचें तिचाच उच्चार आरंभीं व्हावा. तीच मागणी मधून मधून निराळ्या शब्दांनीं परत यावी. आज या सभेंत नवें काय सांगावयाचें तें एक असावें, चार नसावींत. ऐकून घरीं गेलेल्या मनुष्यानें काय करावयाचें, सभासद व्हावयाचें कीं मत द्यावयाचें, हें फल स्पष्ट असावें. गोष्टी, कोट्या व स्तुतिनिंदा हा सर्व अर्थवाद होय. तो मुख्य विधीच्या पदरीं असावा. टाळ्या मिळविणाऱ्या व्याख्यानांपैकीं पुष्कळ याच ठिकाणीं फसतात. श्रोते कोटी घेऊन घरीं जातात, मागणी मंडपांतच राहते. टिळकांनीं हीं साधनें जाणूनबुजून व्याख्यानास लावलीं असें सिद्ध करण्याचा माझा आग्रह नाहीं. पण वर्षाच्या अंतरानें एकाच लेखणीतून व मुखांतून आलेल्या या दोन गोष्टींत नातें नाहीं असें मानणें मला कठीण वाटतें.

न्यायमूर्ति बॅचलर यांनींहि मीमांसकांच्याच वाटेनें जावें हा योग चमत्कारिक खरा. व्याख्यान समग्र वाचावें, उदार बुद्धीनें वाचावें, सुटीं वाक्यें उचलून त्यांवर भर देऊं नये, असें त्यांच्या निकालाचें सूत्र आहे. समग्र वाचून निभावण्यास व्याख्यान मुळांत समग्र असावें लागतें. येथें टांचणाच्या पक्केपणावर एका वृद्ध पुढाऱ्याचें मोकळेपण अवलंबून होतें.

हाच सांगाडा वाशीमच्या सभेंत जसाच्या तसा उभा राहिला नसता. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजी कारभाराखालीं आलें, १९०२ च्या करारानें कायमच्या पट्ट्यानें त्यांच्याकडे राहिलें, १९०३ पासून मध्यप्रांतास जोडलें गेलें. परंतु प्रभुत्व निजामाचें, ही गोष्ट कागदोपत्रीं कायम होती. म्हणजे पुजाऱ्याचा दृष्टांत देऊं जावें तों देव कोणता हाच प्रश्न! १९१९ च्या कायद्याखालींहि वऱ्हाडांत मतदारांनीं निवडलेले सभासद कायदेकौन्सिलांत शिरत ते सरकारनियुक्त म्हणून. कारण कायद्याच्या दृष्टीनें तो प्रांत ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरचा. त्या काळीं वाशीमास मत मागणाऱ्या वक्त्यास एका अशा निवडणुकीसाठीं मन वळवावयाचें होतें कीं जी कायद्यानें निव्वळ शिफारस होती. हा पेंच तो उघडून सांगे कीं झांकून नेई? छापील वृत्तांतांत त्याचें उत्तर सहसा मिळावयाचें नाहीं, कारण वृत्तपत्रें मुद्दे गाळतात. तें मिळेल तर वक्त्याच्या हातच्या कागदावर, आणि विशेषेंकरून त्यावरील खोडलेल्या ओळींत.

म्हणून संग्राहकांस विनंति. कारंज्याच्या जैन भांडारांतील पोथ्यांकडे आपलें लक्ष गेलें, रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचींत त्यांची नोंद झाली, हें योग्यच झालें. परंतु वकील, शिक्षक, अडते यांच्या दप्तरांतील पेन्सिलीच्या चिठ्या दिवाळीच्या झाडलोटींत रद्दीस जातात. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर, नोटिशीच्या मागें, हिशेबवहीच्या शेवटल्या पानावर पांचसात तुटक शब्द व त्यांपुढें आंकडे दिसले तर तें टांचण असण्याचा संभव धरावा. ताम्रपटाचे पत्रे कडींत ओंवलेले असतात, पोथीच्या पानांस अंक असतात. चिठ्यांस तसें कांहीं नसतें. त्यांचा क्रम एकदां मोडला कीं युक्तिवादच मोडला. यास्तव गड्डी सांपडेल तशी राखावी, सारखी करूं नये, चिकटवूं नये. पाठपोट दोन्ही बाजूंचें छायाचित्र घेऊन मगच दोरा सोडावा. शब्दांखालच्या रेघा, बदललेले आंकडे, समासांत लिहिलेलें गांवाचें नांव हें सर्व नकलेंत उतरावें. एकाच वक्त्याचीं रिसोड व मंगरूळपीर येथील दोन टांचणें मिळालीं तर शेजारीं शेजारीं ठेवून काय बदललें तें पाहावें.

शोधणारांस एक सूचना. वाशीम १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा होता, नंतर अकोला जिल्ह्यांत गेला, आणि १ जुलै १९९८ पासून पुनः स्वतंत्र झाला. तेव्हां होमरूलच्या व पुढील कौन्सिल-निवडणुकांच्या काळचे सरकारी कागद अकोल्याच्या नांवाखालीं पाहावे. इंग्रजी कागदांत गांवाचें नांव ‘बासीम’ असें येतें.