खोदकामासाठी भाड्याचे यंत्र निवडताना

उन्हाळ्यात शेतातील बरेचसे खोदकाम एकदम निघते. फळबागेचे खड्डे, पाइपलाइनचा चर, शेततळे, कुंपणाचे खांब ही सर्व कामे पावसाळ्यापूर्वी उरकावयाची असतात. पूर्वी ही कामे टिकाव, पहार आणि फावडे यांवर होत. आज मजूर वेळेवर मिळत नाहीत आणि यंत्र मात्र गावातच भाड्याने मिळते. त्यामुळे ओळखीचे जे यंत्र हाताशी असेल ते बोलावले जाते. काम होते, परंतु खर्च वाढतो आणि काही वेळा जमिनीचेही नुकसान होते.

हा अनुभव माझ्या घरचाच आहे. सन 2019 च्या उन्हाळ्यात आम्ही एक एकर डाळिंबासाठी 4.5 × 3 मीटर अंतरावर सुमारे 300 खड्डे घेतले. शिफारस 60 × 60 × 60 सें.मी. खड्ड्याची होती. गावात एक जेसीबी आलेला होता, तोच लावला. बकेट रुंद असल्याने खड्डे सरासरी 120 × 90 सें.मी. आणि 75 सें.मी. खोल झाले. म्हणजे 0.216 घनमीटरऐवजी 0.81 घनमीटर, जवळजवळ पावणेचारपट माती निघाली. वरची सुपीक माती व खालचा चुनखडीयुक्त थर यांचा एकच ढीग झाला आणि तोच खड्ड्यांत परत गेला. पुढे दोन वर्षे झाडांची पाने पिवळी पडत राहिली. चूक चालकाची नव्हती. कृषी पदवीधर असूनही मी यंत्र आधी बोलावले आणि जमीन नंतर पाहिली.

प्रथम जमीन पाहा

यंत्र ठरविण्यापूर्वी क्षेत्रात तीन-चार ठिकाणी पहारीने एक मीटरपर्यंत चाचणी खड्डे घ्यावेत. माती किती सें.मी. आहे, मुरूम कोठे लागतो, तो पहारीने सुटतो की ठिणग्या उडतात, चुनखडीचा थर आहे काय, हे नोंदवावे. एका दिवसाच्या या कामावर पुढील सर्व हिशेब अवलंबून असतो. काळा पाषाण लागत असल्यास साध्या बकेटने काम होत नाही, ब्रेकर लावावा लागतो व त्याचा दर वेगळा असतो.

कामाचे माप काढा

लांबी, रुंदी व खोली यांचा गुणाकार करून घनमीटर काढावेत. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, अर्थात 2.83 घनमीटर. उदाहरणार्थ, 30 × 30 × 3 मीटरचे, 1:1 उताराच्या बाजू असलेले शेततळे घेतल्यास 2196 घनमीटर म्हणजे सुमारे 775 ब्रास माती निघते. खोदलेली माती फुगते, त्यामुळे ढिगासाठी मापापेक्षा जास्त जागा ठेवावी.

कोणत्या कामास कोणते यंत्र?

1. ट्रॅक्टरचलित खड्डे खोदणारे यंत्र (पोस्ट होल डिगर): याचे स्क्रूसारखे पाते ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. शाफ्टवर फिरते. मऊ ते मध्यम जमिनीत फळझाडांच्या खड्ड्यांसाठी व खांबांसाठी ते उत्तम. मोठे दगड किंवा टणक मुरूम असल्यास पाते अडते व सुरक्षा पिन तुटते. ओल्या काळ्या जमिनीत खड्ड्याच्या कडा घासून गुळगुळीत व घट्ट होतात. अशा खड्ड्यात पाणी साचते व मुळे बाहेर न जाता आतच गोल फिरतात. म्हणून लागवडीपूर्वी कडा पहारीने खरवडून घ्याव्यात.

2. हातात धरावयाचे पेट्रोल इंजिनचे यंत्र: थोडे व लहान खड्डे, कुंपणाचे खांब तसेच ट्रॅक्टर जाऊ शकत नाही अशी जागा यांसाठी योग्य. दगडात पाते अडले की यंत्र हाताला जोराचा हिसका देते, हे लक्षात ठेवावे.

3. बॅकहो लोडर (बोलीभाषेत जेसीबी): पाइपलाइनचे चर, मुरमाड जमिनीतील मोठे खड्डे व लहान शेततळी यांसाठी उपयुक्त. बोलावताना बकेटची रुंदी अवश्य विचारावी. 300 मीटर लांब व 90 सें.मी. खोल चरासाठी 45 सें.मी. रुंदी पुरेशी असेल तर 121.5 घनमीटर खोदाई होते. 60 सें.मी. बकेटने तीच 162 घनमीटर होते आणि तेवढी माती परत बुजवावी लागते.

4. पोकलेन: मोठ्या शेततळ्यासाठी ब्रासमागे स्वस्त पडू शकते. मात्र ते ट्रेलरवर आणावे लागत असल्याने लहान कामास ने-आण खर्च परवडत नाही.

दर तासाचा नव्हे, खड्ड्याचा काढा

समजा, ट्रॅक्टरचलित यंत्र खड्ड्यामागे 30 रुपये घेते आणि खड्डा चौरस करण्यास मजुरी 15 रुपये पडते. एकूण 45 रुपये. दुसरीकडे जेसीबी तासाला 1200 रुपये घेऊन 20 खड्डे काढतो, म्हणजे 60 रुपये, शिवाय जादा माती भरण्यास 20 रुपये व ने-आणीचे 5 रुपये. एकूण 85 रुपये. तर 300 खड्ड्यांस 13,500 विरुद्ध 25,500 रुपये खर्च येतो. आपल्या भागातील दर घालून हाच हिशेब करावा. परंतु 30 सें.मी. खाली टणक मुरूम असेल तर पहिले यंत्र स्वस्त असूनही निरुपयोगी ठरते.

ठरविताना स्पष्ट करावयाच्या बाबी

- दर तासावर, खड्ड्यावर की ब्रासवर?
- डिझेल व ने-आण कोणाकडे? कमीत कमी किती तासांचे पैसे द्यावे लागतील?
- यंत्र बिघडून थांबल्यास तो वेळ धरणार काय?
- काम सुरू होताना व संपताना तासांच्या मीटरचा आकडा दोघांसमोर लिहावा. शेततळ्याचे माप टेपने घ्यावे.

सन 2014-15 पासून कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून शेतकरी गटांना अवजारे बँकांसाठी साहाय्य देण्यात आले. जवळ अशी बँक असल्यास तिचे दरही विचारावेत. शेजारच्या तीन-चार शेतकऱ्यांनी एकत्र काम काढल्यास ने-आण खर्च वाटून जातो.

यंत्र येण्यापूर्वी व चालू असताना

आखणी फक्कीने आदल्या दिवशी करावी. जुनी पाइपलाइन व विजेची केबल यांवर खुणा कराव्यात. डोक्यावरील विजेच्या तारांखाली बूम उचलू देऊ नये. फिरत्या पी.टी.ओ. शाफ्टजवळ धोतर, उपरणे, पदर अडकून प्राण जाऊ शकतात. शाफ्टवर आवरण नसल्यास यंत्र परत पाठवावे. खोल चराच्या काठावर मातीचा ढीग करू नये व अशा चरात मजुरास एकटे उतरवू नये. लहान मुलांना शेतात आणू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वरची 30 सें.मी. माती एका बाजूस व खालची दुसऱ्या बाजूस टाकण्यास चालकास पहिल्याच खड्ड्यावर उभे राहून सांगावे. भरताना वरची माती व चांगले कुजलेले शेणखत झाडाच्या मुळाशी जाईल असे पाहावे. चुनखडीचा थर खड्ड्यात परत घालू नये.

भाड्याचे यंत्र एका दिवसात परत जाते, पण खड्ड्यात भरलेल्या मातीवर बाग पुढे अनेक वर्षे उभी असते. म्हणून आधी पहार, मग टेप आणि त्यानंतरच यंत्र, हा क्रम शेतकरी बंधू-भगिनींनी पाळावा.