देवाचं भय म्हणजे काय?

आमच्या ख्रिस्ती घरांत एखाद्या माणसाची स्तुती करायची तर ‘फार देवभिरू आहे हो’ असं म्हणतात. मागे गटाची बैठक संपल्यावर एका ताईंनी मला विचारलं, “तुमचा देव प्रेमळ म्हणता, मग त्याला भ्यायचं कशाला?” प्रश्न रास्त आहे. आज त्यावरच बोलू.

जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत लिहिलेला आहे. तिथे भयासाठी ‘यिरा’ असा शब्द येतो. त्यात धाकही आहे आणि आदरही. पण नुसत्या शब्दार्थाने पोट भरत नाही. तो शब्द कुठे वापरलाय ते बघावं.

निर्गमच्या पहिल्याच अध्यायात दोन सुइणी आहेत, शिप्रा आणि पुवा. मिसरच्या राजाने त्यांना हुकूम दिला की इब्री बाईला मुलगा झाला तर तिथेच मारून टाका. त्यांनी मारलं नाही. कारण काय दिलंय? त्या देवाला भीत होत्या. राजाने जाब विचारला तेव्हा म्हणाल्या, इब्री बायका दणकट, आम्ही पोचायच्या आधीच बाळंत होतात! आणि गंमत बघा, त्या राजाचा उल्लेख नुसता ‘फारो’ म्हणजे पदवीने येतो, सुइणींची मात्र नावं लिहून ठेवलीत. देवाचं भय होतं म्हणून राजाचं भय उरलं नाही.

लेवीय पुस्तकात सांगितलंय, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका, देवाचं भय धरा. बहिऱ्याला ऐकू येत नाही, आंधळ्याला दिसत नाही. म्हणजे आपण पकडले जाणार नाही, नेमकी तिथेच ही आठवण दिलीय. त्याच पुस्तकात पुढे, गरिबीत सापडलेल्या भावाकडून व्याज घेऊ नका, हे सांगतानाही देवाचं भय येतं. गटाचं रजिस्टर सांभाळणाऱ्या बाईला हे लगेच कळतं. सही न येणाऱ्या सभासदाच्या पासबुकात काय लिहिलंय, ते तिला कुठे वाचता येतं?

नहेम्या यहूदाचा सुभेदार होता. त्याच्या काळात लोकांनी धान्यासाठी शेतं, घरं गहाण टाकली, मुली दास्यात गेल्या. पुरुषांबरोबर बायकांनीही ओरड केली, तेव्हा त्याने सावकारांना सगळं परत करायला लावलं. स्वतः 12 वर्षं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. आधीचे सुभेदार घेत होते. आपण देवाच्या भयामुळे घेतला नाही, असं तो लिहितो.

मग नव्या करारात योहान म्हणतो की पूर्ण प्रेम भीतीला हाकलून देतं, त्याचं काय? यावर संत ऑगस्टीनने दोन बायकांचं उदाहरण दिलंय. एकीला भीती, नवरा घरी येईल. दुसरीला भीती, तो सोडून जाईल. पहिली भीती मार बसण्याची, ती प्रेमाने जाते. दुसरी प्रेमातूनच येते, ती राहते. उदाहरण जुन्या जमान्यातलं आहे, मला तितकंसं पटत नाही. पण फरक बरोबर दाखवलाय.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. काही घरांत ‘देवाला भी’ म्हणजे ‘मला भी’ असा अर्थ लावतात. उलटून बोललीस तर देव शिक्षा करील, पोर आजारी पडलं ते तुझ्या पापाने. लूकच्या शुभवर्तमानात येशूने एका न्यायाधीशाची गोष्ट सांगितलीय. देवाला न भिणारा म्हणून तो सांगितलाय, आणि तो करतो काय, तर विधवेला न्याय द्यायला टाळाटाळ. ती मात्र त्याच्याकडे येतच राहते, शेवटी त्याला न्याय द्यावा लागतो. बायकोवर हात उचलणाऱ्याने देवाच्या भयाचं नाव घेऊच नये. तुमच्या घरी असं होत असेल तर गटातल्या बाईला सांगा, किंवा 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा.