एका गोळीत तीन औषधं

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीवरची तीन औषधं मिळून माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तीही आफ्रिकेत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेला. श्रीमंत देशांत तोच उपचार १०,००० डॉलरच्या वर जात होता. नुसत्या स्वस्त मजुरीने एवढा फरक पडत नाही. कामी आलं ते रसायनशास्त्र, आणि एक कायदा.

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट ठेवलं. तोच रेणू वेगळ्या वाटेने बनवा, कुणी अडवणार नाही! ती वाट शोधायला मात्र प्रयोगशाळा लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढलेल्या ए. व्ही. रामाराव यांनी पुढे हैदराबादच्या सरकारी संस्थेत एझेडटी हे एचआयव्हीवरचं औषध बनवण्याची पद्धत बसवली. सिप्लाने ते बाजारात आणलं. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरॅपिन ही तीन औषधं एका गोळीत आली तीही इथेच. परदेशात या तिन्हींची पेटंटं वेगवेगळ्या कंपन्यांकडे होती, मग एकत्र आणणार कोण?

२००५ पासून आपल्याकडेही औषधावरच पेटंट मिळतं. म्हणजे आता रेणूच नवा हवा, आणि त्याला पैसा लागतो. दक्षिण कोरिया संशोधनावर जीडीपीच्या ४ टक्क्यांहून अधिक खर्च करतो. आपण १ टक्कासुद्धा नाही.