साथीच्या काळातील लोकांची वागणूक व इंटरनेटवरील पाहण्या

साथीच्या रोगाचे कारण जंतू अथवा विषाणू असतो. परंतु तो किती दूरवर पसरावा, हे पुष्कळ अंशी लोकांच्या वागणुकीवर अवलंबून असते. लोक हात धुतात की नाही, ताप आला असता घरी राहतात की बाजारास जातात, लस टोचून घेतात की तिला भितात, या गोष्टी वेळीच कळल्या तर आरोग्याधिकाऱ्यांस आपली साधने कोठे वापरावीत हे ठरविता येते. या वागणुकीस आपण या लेखापुरते ‘आरोग्यवर्तन’ असे म्हणू.

हे आरोग्यवर्तन जाणण्याचा जुना मार्ग म्हणजे दारोदार जाऊन विचारणे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडची महासाथ जाहीर केली, तेव्हा दारोदार जाणेच धोक्याचे होऊन बसले होते. साहजिकच अभ्यासकांनी इंटरनेटचा आश्रय घेतला. त्या साधनांचे गुण कोणते व दोष कोणते, हे शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण हल्ली आपणही मोबाइलवरून माहिती भरून पाठवितो, व त्या माहितीवरून पुढे निर्णय होतात.

साधनांचे तीन प्रकार

पहिला प्रकार शोधशब्दांचा. ताप आलेला मनुष्य पुष्कळदा वैद्याकडे जाण्यापूर्वी इंटरनेटवर ‘ताप’, ‘खोकला’ असे शब्द शोधतो. या शब्दांची गणना केली तर साथीची चाहूल लवकर लागेल, या कल्पनेने गूगल कंपनीने २००८ साली फ्लूच्या साथीचा अंदाज देणारी योजना सुरू केली. सुमारे पाच कोटी शोधशब्दांतून पंचेचाळीस निवडले गेले. सरकारी आकडे हाती येण्यास एक-दोन आठवडे लागत. हा अंदाज एका दिवसात मिळे. परंतु २००९ सालच्या नव्या फ्लूची पहिली लाट या योजनेच्या दृष्टीस पडली नाही. पुढे २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिने अमेरिकेतील फ्लूचे प्रमाण वास्तवाच्या जवळजवळ दुप्पट दाखविले. वर्तमानपत्रांतील बातम्यांनी घाबरलेले निरोगी लोकही तेच शब्द शोधीत असावेत, हे त्याचे एक संभाव्य कारण. शोधयंत्राची रचनाही मधल्या काळात बदलत गेली होती. २०१५ साली हे अंदाज प्रसिद्ध करणे बंद झाले.

दुसरा प्रकार लोकांनी आपण होऊन दिलेल्या लक्षणांच्या नोंदींचा. मार्च २०२० मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातील संशोधकांच्या साहाय्याने असे एक मोबाइल ॲप निघाले. सव्वीस लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरून असे दिसले की, तपासणीत कोविड निघालेल्यांपैकी शंभरी सुमारे ६५ जणांनी वास व चव गेल्याचे सांगितले होते. कोविड न निघालेल्यांत हे प्रमाण शंभरी सुमारे २२ होते. १८ मे २०२० रोजी ब्रिटनने या लक्षणाचा अधिकृत यादीत समावेश केला. हे या साधनांचे यश होय.

तिसरा प्रकार प्रश्नावलीचा. एप्रिल २०२० पासून जून २०२२ पर्यंत अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने फेसबुकच्या साहाय्याने अशी पाहणी चालविली. फेसबुक वापरणाऱ्यांपैकी काहींना दररोज निमंत्रण जाई. ते मास्क, लक्षणे, लस यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे देत. व्यक्तीचे उत्तर विद्यापीठाकडे जाई, कंपनीस ते दिसत नसे. आठवड्यास सुमारे अडीच लाख उत्तरे येत.

मोठा आकडा चुकतो कसा?

अडीच लाख उत्तरे म्हणजे निष्कर्ष बिनचूक, असे कोणासही वाटेल. परंतु डिसेंबर २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने निराळेच दाखविले. मे २०२१ मध्ये निदान एक लस घेतलेल्या अमेरिकन प्रौढांचे प्रमाण या पाहणीने प्रत्यक्षापेक्षा शंभरी १७ ने अधिक दाखविले होते. तेथील जनगणना खात्याची सुमारे पंचाहत्तर हजार उत्तरांची ऑनलाइन पाहणीही शंभरी १४ ने चुकली. याउलट, सुमारे एक हजार लोकांची एक लहान पाहणी सत्याच्या पुष्कळ जवळ होती. तिने माणसे काळजीपूर्वक निवडली होती, आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते त्यांस ते स्वतः पुरविले होते. या विशिष्ट प्रश्नापुरती त्या अडीच लाख उत्तरांची किंमत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दहा माणसांच्या उत्तरांहून अधिक नव्हती, असे त्या अभ्यासकांचे गणित सांगते.

आपल्याकडे ‘शितावरून भाताची परीक्षा’ म्हणतात. तळाचा भात शिजला असला तरी वरचा कधी कधी कच्चा राहतो. तळची हजार शिते चाचपली तरी वरचा कच्चेपणा कळत नाही. भात ढवळून मग घेतलेली चार-सहा शिते ते सांगतात. फेसबुकवरील पाहणीत शिकलेल्या लोकांची उत्तरे वाजवीपेक्षा अधिक होती, व शिक्षणातील हा फरक हिशेबात धरून आकडे सुधारलेले नव्हते. कमी शिकलेल्यांत लसीकरण कमी होते. तेच पाहणीत कमी आले. ज्या वस्तीत लस पोचलेली नाही, तेथील उत्तरही पोचलेले नाही, आणि कागदावर मात्र काम पुरे झाल्यासारखे दिसते. अशा आकड्यावर विसंबून लसीकरणाची केंद्रे कमी केली, तर हानी त्याच लोकांची होते.

याखेरीज आणखी एक दोष आहे. ‘आज दात कोणी घासले?’ असे वर्गात विचारताच सर्व हात वर होतात, हे प्रत्येक गुरुजींस ठाऊक आहे. मोठी माणसेही शोभेल तेच उत्तर देतात. नाव न विचारल्यास हा दोष कमी होतो, नाहीसा होत नाही.

आपला अनुभव

२०२० च्या मार्चमध्ये आपल्या शाळा बंद झाल्या व धडे मोबाइलवर गेले. ज्या घरी मोबाइल नव्हता, त्या घरचे मूल धड्यासही नव्हते व मोबाइलवर केलेल्या चौकशीतही नव्हते. त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तेव्हा पथके घरोघर गेली. साथीच्या अशा घरोघरच्या पाहण्यांत ठिकठिकाणी शिक्षकांनीही काम केले. त्यांस घर सोडून पुढे जाता येत नव्हते. हाच दोन पद्धतींतील भेद होय.

वर्गात करावयाचा प्रयोग

समजा, वर्गात तीस मुले आहेत. अठरा गावठाणात राहतात. त्यांस शाळेत येण्यास पाच मिनिटे लागतात. बारा जण दूरच्या वाडीवरून येतात. त्यांस तीस मिनिटे लागतात. सर्वांची सरासरी पंधरा मिनिटे. आता शाळा सुटल्यावर पटांगणावर खेळत राहिलेल्यांसच विचारा. वाडीची मुले केव्हाच वाटेस लागलेली असतात; म्हणून सरासरी पाच मिनिटे येते. दहांस विचारा की अठरांस, उत्तर तेच. पुढे हजेरीपटावरील सर्व नावांच्या चिठ्ठ्या करून, त्या नीट मिसळून दहा काढा. वाडीच्या तीन चिठ्ठ्या आल्या तर सरासरी साडेबारा मिनिटे येईल, पाच आल्या तर साडेसतरा. म्हणजे येथेही थोडी चूक होते. परंतु ती कधी इकडे, कधी तिकडे होते, व चिठ्ठ्या वाढविल्यास साधारणतः कमी होते. पटांगणावरील चूक नेहमी एकाच बाजूस झुकते आणि संख्या वाढविल्याने भरून येत नाही. हा भेद पाचवीच्या मुलांसही करून पाहता समजेल.

शिक्षकांस सूचना

१. मोबाइलवरून माहिती मागविल्यास, पटावरील किती घरांकडून उत्तर आले व किती घरांकडून नाही, हे दोन्ही आकडे अहवालात लिहावे.
२. उत्तर न आलेल्या घरांपैकी निदान काही घरी चिठ्ठ्या टाकून समक्ष जावे, व ती उत्तरे वेगळी मांडून पाहावीत.
३. आरोग्याविषयी विचारताना गरज नसल्यास नाव घेऊ नये, व मुलास वर्गासमोर उत्तर देण्यास लावू नये.
४. आलेल्या उत्तरांवरून सबंध गावाविषयी विधान करण्यापूर्वी, यांत कोणत्या वस्तीचे कोणीच नाही, हे हजेरीपट समोर ठेवून एकदा तपासावे.