राखेचे ढग आणि आकाशातील वाहतूक

आकाश म्हणजे मोकळे मैदान, विमानाने वाटेल तिकडून जावे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः आकाशातही ठरलेले मार्ग आहेत, ठरलेल्या उंची आहेत आणि त्यांवर अहोरात्र लक्ष ठेवणारे नियंत्रक आहेत. मात्र रस्त्यावरील गाडी आणि विमान यांत एक मोठा भेद आहे. वादळ आले तर गाडी कडेला उभी करता येते. विमानाला आकाशात थांबता येत नाही. फार तर ते घिरट्या घालील, पण तेवढा वेळ त्याचे इंधन जळतच राहते. म्हणून या व्यवस्थेचा पहिला नियम असा की, पुढे संकट दिसत असेल तर विमान उडण्यापूर्वीच भूमीवर रोखून धरावे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा तेथील विमानतळ सकाळी ११ पासून रात्री १० पर्यंत बंद ठेवण्यात आला होता, तो याच विचाराने.

परंतु संकट एका शहरावर नव्हे, तर एकाच वेळी अनेक देशांवर आले, तर निर्णय कोणी घ्यावयाचा? या प्रश्नाचे उत्तर युरोपला २०१० साली मोठी किंमत देऊन शोधावे लागले.

१४ एप्रिल २०१० रोजी आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकुत्ल नावाच्या हिमाच्छादित ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला. तप्त शिलारस व वितळलेल्या बर्फाचे पाणी एकत्र येताच त्या रसाचे अतिसूक्ष्म चूर्ण झाले. ते कित्येक किलोमीटर उंच उडाले आणि वायव्येच्या वाऱ्याबरोबर युरोपवर पसरले.

या राखेचे एवढे भय का बाळगावे? ही चुलीतील राख नव्हे; हे काचेचे व खडकाचे बारीक पीठ असते. जेट इंजिनातील प्रखर उष्णतेने ते वितळते, पुढील भागांवर थिजून बसते आणि हवेचा मार्ग कोंडते. २४ जून १९८२ च्या रात्री लंडनहून मुंबईमार्गे निघालेले एक बोइंग ७४७ विमान जावा बेटाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. पावसाचे ढग दाखवणाऱ्या रडारला कोरडी राख दिसली नव्हती. राखेतून खाली आल्यावर इंजिने पुन्हा चालू झाली आणि विमानातील २६३ माणसे जाकार्ता येथे सुखरूप उतरली. तेव्हापासून राख दिसेल तेथून दूर राहावे, हाच नियम झाला.

२०१० साली हाच नियम पाळून एकामागून एक देशांनी आपले आकाश बंद केले. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देश आपल्या आकाशाचा स्वामी असतो. ब्रुसेल्स येथील युरोकंट्रोल ही संस्था विमानांच्या प्रवाहाचे नियोजन करी. पण आकाश उघडावे की मिटावे, हे सांगण्याचा अधिकार तिला नव्हता. शिवाय किती राख इंजिनाला सोसते, याचे सर्वमान्य प्रमाणच ठरलेले नव्हते. परिणामी सुमारे १ लाख उड्डाणे रद्द झाली आणि जवळजवळ १ कोटी प्रवाशांचा खोळंबा झाला. अखेर पाचव्या दिवशी, १९ एप्रिलला, मंत्र्यांनी दूरचित्र-परिषद घेऊन आकाशाचे तीन भाग पाडले : दाट राखेचा पूर्ण निषिद्ध, विरळ राखेचा सावधपणे वापरावयाचा आणि निर्धोक असा मोकळा. दुसऱ्या दिवसापासून विमाने हळूहळू उडू लागली.

या अनुभवातून त्याच वर्षी मे महिन्यात युरोपात एक समन्वय-मंडळ स्थापन झाले. हवामानतज्ज्ञ राख कोठे जाणार ते सांगतात, इंजिन बनविणारे किती राख चालेल ते सांगतात, नियंत्रक कोणता मार्ग मोकळा आहे ते सांगतात. आणि ही सर्व माहिती सर्व देशांपुढे एकाच वेळी ठेवणे, हे या मंडळाचे काम होय. मे २०११ मध्ये आइसलँडमधीलच ग्रिम्सव्होत्न ज्वालामुखी अधिक जोराने उसळला, तेव्हा सुमारे ९०० उड्डाणेच रद्द करावी लागली. त्या वेळी वारा व राखेची जात यांचेही साह्य झाले, हे खरे. तथापि आधी ठरवून ठेवलेल्या रीतीचा वाटाही थोडा नव्हता.

आकाश अकारण बंद ठेवले तर आजाऱ्याचे औषध अडकते, लेकरे आईबापांपासून दूर राहतात. आणि अविचाराने उघडले तर शेकडो प्राण धोक्यात येतात. या दोहोंतून वाट काढावयाची तर केवळ धैर्य पुरत नाही. वेळेवर मिळालेली खरी माहिती आणि परस्परांचा विश्वास लागतो. पुढे कधी विमानतळावर ‘उड्डाणास विलंब’ अशी पाटी वाचण्याचा प्रसंग आला, तर रागावण्यापूर्वी हे अवश्य आठवावे. कुठेतरी कोणीतरी आपल्यासाठीच आकाशाकडे पाहत बसलेले असते.