संगणकाचे माजघर

घरातला संगणक बंद पडला, की घरातल्या प्रत्येकाजवळ त्याचे निदान तयार असते. आजी म्हणतात, "सारखा चालू ठेवता, तापला असेल." चिरंजीव म्हणतात, "व्हायरस आहे." शेजारचे सद्गृहस्थ दारातून डोकावतात, जड आवाजात "मदरबोर्ड उडाला असणार" एवढे सांगतात आणि चहा न घेताच निघून जातात. या तिन्ही निदानांत तिसरे सर्वांत महागडे. ते एकदा मनात बसले की नव्या यंत्राची चौकशी सुरू होते आणि दिवाळीच्या खर्चात तीसचाळीस हजारांचे भगदाड पडते.

एका कारखान्याच्या विद्युत विभागात मी ३१ वर्षे काढली. निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीतल्या बंद पडलेल्या पेट्या उघडून पाहणे हा माझा बिनपगारी उद्योग झाला आहे. त्या अनुभवावरून सांगतो: 'बोर्ड गेला' म्हणून माझ्याकडे आलेल्या पेट्यांत बोर्ड खरोखरीच गेलेला फार थोड्या वेळा सापडला. एकदा तर आत पाल सापडली. ती मात्र गेलेली होती.

मदरबोर्ड म्हणजे काय, हे एकदा नीट पाहून ठेवावे. 'मातृफलक' हा प्रतिशब्द कोशात शोभतो, पण दुकानात तो उच्चारला तर दुकानदार पूजेचे सामान विकणाऱ्याकडे बोट दाखवील. आपण ज्या अख्ख्या पेटीला 'सीपीयू' म्हणतो, तिच्या एका बाजूचे पत्र्याचे दार काढले की आत एक मोठी, बहुधा काळी पाटी दिसते. तीच ही. जुन्या वाड्यात माजघर असे ना, तसे हिचे आहे. स्वतः ती हिशेब करीत नाही, काही लक्षातही ठेवत नाही; पण स्वयंपाकघर, कोठार, ओसरी या सर्वांच्या वाटा तिच्यातूनच जातात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडद्याची वायर, की-बोर्ड, सारे तिला जोडलेले असते. म्हणूनच कोणाचेही दुखले तरी आरोप हिच्यावर येतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या खालच्या मजल्यावर एक वहिनी राहतात. यजमान गेल्यानंतर त्यांनी डबे सुरू केले. आज ४० डबे जातात आणि सारा हिशेब, कोणाकडे किती बाकी, कोणाला मधुमेहाचा डबा, कोणाला बिनलसणाचा, हे सगळे यजमानांच्या जुन्या संगणकावर. एका सोमवारी तो चालू होईना. पंखे फिरत, दिवा लागे, पण पडदा काळा. नेला दुकानात. तिथल्या मुलाने अर्ध्या मिनिटात सांगितले, "बोर्ड गेलाय. हा बोर्ड आता मिळत नाही. नवीन मशीन घ्या, ३२ हजारांत बसवून देतो." वहिनी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना नव्या यंत्राची काळजी नव्हतीच. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "यांचे फोटो त्यातच आहेत हो. आणि सहा महिन्यांची उधारीसुद्धा."

त्यांना मी आधी एवढेच सांगितले, की फोटो आणि उधारी बोर्डात नसतात, डिस्कमध्ये असतात. बोर्ड जळून कोळसा झाला, तरी डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून ते काढता येतात. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे घाबरून लोक वाटेल तेवढे पैसे देतात. नव्या यंत्रांत मात्र एक मेख आहे. विंडोज ११ असलेल्या अनेक यंत्रांत डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवलेला असतो आणि त्याची किल्ली बोर्डाशी किंवा प्रोसेसरशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की यंत्र ४८ आकडी क्रमांक विचारते. तो क्रमांक बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असतो. यंत्र धडधाकट आहे तोवरच तो पाहून कागदावर लिहून ठेवावा आणि कागद रेशनकार्डाच्या पिशवीत टाकावा.

असो. वहिनींची पेटी टेबलावर घेतली. वीज काढली, प्लग उपसला आणि पेटीवरचे बटन पाचदहा सेकंद दाबून धरले, म्हणजे आत साठलेली उरलीसुरली वीज निघून जाते. अंगावरची स्थिर वीज घालवायला एकदा पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावला. मग वहिनींना विचारले, "बंद पडण्याआधी काही विचित्र करीत होता का?" त्या म्हणाल्या, "तारीख चुकवायचा. रोज सकाळी कुठल्यातरी जुन्याच सालात जायचा."

अर्धे निदान इथेच झाले. बोर्डावर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो. त्याचे नाव सीआर २०३२. यातल्या २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. हा ३ व्होल्टचा सेल, वीज नसतानाही बोर्डातले घड्याळ चालू ठेवतो; जुन्या बोर्डांत मांडणीची टिपणेही तोच जपतो. तो संपला की यंत्र तारीख विसरते. किराणा दुकानातही मिळतो आणि भेळीच्या पैशांत येतो.

पण सेल संपला म्हणून पडदा काळा होतोच असे नाही. तेव्हा पुढे गेलो. माझी रीत अशी, की पेटीत जे जे अनावश्यक, ते ते काढून ठेवायचे. डिस्क काढली, सीडीचे यंत्र काढले, वेगळे ग्राफिक्स कार्ड होते तेही काढून वायर बोर्डाच्याच तोंडाला लावली. (हे शेवटचे जमते ते प्रोसेसरात स्वतःचे ग्राफिक्स असेल तरच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' आहे, त्यांत ते नसते. तिथे बोर्डाच्या तोंडाला वायर लावून पडदा काळा पाहत बसाल.) उरले काय? बोर्ड, प्रोसेसर, वीज देणारा एसएमपीएस आणि मेमरीच्या दोन पट्ट्या. चालू केले. पुन्हा काळोख, आणि तीन लांब शिट्ट्या.

या शिट्ट्यांना लोक कंटाळतात, पण बोर्ड आपले दुखणे त्यांतूनच सांगत असतो. चालू होताच तो प्रोसेसर आहे का, मेमरी आहे का, चित्र दाखवणारे काही आहे का, अशी हजेरी घेतो आणि गैरहजर असणाऱ्याचे नाव शिट्टीने पुकारतो. कोणत्या शिट्टीचा अर्थ काय, हे बोर्डाप्रमाणे बदलते. सोबतच्या पुस्तिकेत ते छापलेले असते. हल्लीच्या पुष्कळ बोर्डांवर शिट्टीऐवजी चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि डिस्क. जो दिवा लागून तसाच राहील, तिथे पाहावे. इतके सोपे निदान वैद्यकशास्त्राला अजून साधलेले नाही.

वहिनींच्या बोर्डाने मेमरीचे नाव घेतले होते. दोन्ही पट्ट्या काढल्या. त्यांचे सोनेरी दात काळपट झाले होते. डब्यांची फोडणी आणि पावसाळी हवा एकत्र आल्यावर दुसरे काय व्हायचे? शाळकरी मुलांचे पांढरे खोडरबर दातांवरून हलक्या हाताने फिरवले, चुरा ब्रशने झटकला. मग एकच पट्टी पहिल्या खाचेत लावली. काही नाही. तीच दुसऱ्या खाचेत लावली आणि पडदा उजळला. दुसरी पट्टीही त्या खाचेत चालली. म्हणजे पट्ट्या दोन्ही शाबूत, खाच एक निकामी. नवा सेल घातला, तारीख लावली, डिस्क जोडली. इथे आणखी एक वळण आले: यंत्र म्हणू लागले, डिस्कवर विंडोज नाहीच! वहिनींनी पदर तोंडाला लावला. कारण साधे होते. सेल संपल्यामुळे बोर्ड आपली जुनी मांडणी विसरला होता आणि डिस्कशी भलत्याच पद्धतीने बोलत होता. बायोसमध्ये जाऊन ती पद्धत पहिल्यासारखी केली आणि यजमानांचा फोटो पडद्यावर आला. एका पट्टीवर यंत्र थोडे मंद चालते, पण ४० डब्यांना पुरते. त्याच दिवशी सगळे फोटो आणि उधारी पेन ड्राइव्हवर उतरवून दिले. "यंत्र आता पाहुणे समजा," असेही सांगितले; विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आहे आणि इतका जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या नियमात बसत नाही. बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत.

यंत्र अजिबात हूं की चूं करीत नसेल, तर गोष्ट निराळी. तिथे पहिला संशय भिंतीतल्या प्लगवर, दुसरा एसएमपीएसवर आणि तिसरा, हसू नका, पेटीच्या बटनावर घ्यावा. ते बटन बिघडून बोर्ड बदनाम झालेला मी दोनदा पाहिला आहे. बटनाची वायर बोर्डावर ज्या दोन पिनांवर बसते, त्या पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले की यंत्र सुरू होते. तसे झाले तर गुन्हेगार सापडला. एसएमपीएस मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आत जोराचा झटका देण्याइतकी वीज शिल्लक असू शकते. कोणाचा तरी चांगला आणून लावून पाहावा.

बोर्डात खरा दोष कधी नसतोच, असे मात्र नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर हजारो बोर्डांवरचे कपॅसिटर टम्म फुगून फुटले. आतले रसायनच सदोष होते. जुन्या बोर्डावर अशी फुगलेली डोकी दिसली तर दुकानदाराचे म्हणणे मानावे. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने स्वतःच जाहीर केले, की नव्या बोर्डांवरच्या त्यांच्या चिपसेटमध्ये चूक आहे आणि डिस्क जोडण्याची काही तोंडे काळाच्या ओघात मंदावतील. दुरुस्ती आणि बदलीचा अंदाजी खर्च त्यांनी ७० कोटी डॉलर सांगितला. २०२४ साली त्यांच्याच तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांना जादा व्होल्टेज जात असल्याचे निघाले. त्यावरचा उपाय बोर्डाच्या बायोसमधून द्यावा लागला. तेव्हा असा प्रोसेसर घरात असेल, तर बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून नवे बायोस चढवून घ्यावे. पण ते चढत असताना वीज गेली तर बोर्ड खरोखरीच मरू शकतो. यूपीएस नसेल तर ढगाळ संध्याकाळी हे काम काढू नये.

आता नवा घेण्याविषयी. माझी भाची पुण्यात वास्तुशास्त्र शिकते. तिला यंत्र जुळवायचे होते, म्हणून आम्ही दोघे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो. तिची नजर रंगीत दिव्यांच्या बोर्डावर. "मामा, हा किती छान दिसतो!" मी म्हटले, "अगं, तो पेटीत टेबलाखाली राहणार. पायांना दाखवायचाय का?"

बोर्ड घ्यायचा तो प्रोसेसर ठरवून. प्रोसेसर ज्या चौकोनी खोबणीत बसतो, तिचे नाव जुळले नाही तर पुढचे सारे बोलणे फुकट. एएमडीची एएम ४ ही खोबण २०१६ पासूनची आणि तिच्यासाठी २०२४ मध्येही नवे प्रोसेसर आले. एएम ५ आली २०२२ मध्ये. इंटेलची एलजीए १७०० खोबण २०२१ ची. तिच्यावर तीन पिढ्या बसल्या आणि २०२४ मध्ये तिच्या जागी एलजीए १८५१ आली. चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून यंत्र तरुण करायचे असेल, तर खोबणीचे आयुष्य पाहावे. भाचीला एएम ५ घेतला तो त्यासाठीच.

मग मेमरी. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या पट्ट्यांना दोन्हीकडे २८८ दात, पण मधली खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसत नाही. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात. जुन्या पट्ट्या वापरायच्या असतील तर खोक्यावरचा आकडा वाचून घ्या. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव असे भडकले, की घरातली जुनी पट्टी म्हणजे मोडीतले सोने. चार खाचांच्या बोर्डात दोनच पट्ट्या असतील, तर त्या सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावतात.

ज्याकडे कोणी पाहत नाही, ते म्हणजे प्रोसेसरच्या कडेने असलेली वीज उतरवणारी मंडळी. एसएमपीएस १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला लागतो एक-सव्वा व्होल्ट. १२० वॉटचा प्रोसेसर १.२ व्होल्टवर चालवायचा, म्हणजे १०० अँपिअर झाले! घरातल्या गिझरच्या प्लगची मजल १६ अँपिअर. हा भार त्या कोपऱ्यातून जातो. म्हणून तासन् तास चित्रे रंगवणाऱ्या यंत्राला, जिथे या भागावर धातूचे जाड आच्छादन आहे असा बोर्ड घ्यावा. पत्रे लिहिणाऱ्या आणि सिनेमे पाहणाऱ्या घराला साधा पुरतो. आकारही पेटीप्रमाणे: मोठा एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मधला २४४ चा चौरस, धाकटा १७० चा. मधला घेतल्याने सामान्य कुटुंबाचे काही अडत नाही.

घरी आणून जोडला आणि पडदा काळाच राहिला. भाचीचा चेहरा उतरला. मी घड्याळ पाहत बसलो. डीडीआर ५ चा बोर्ड पहिल्या वेळी मेमरीशी ओळख करून घ्यायला चांगली काही मिनिटे लावतो. या अवधीत बटन दाबून धरणारे पुष्कळ. चौथ्या मिनिटाला चित्र आले.

दुकानात एक गोष्ट केली होती, ती आपणही करावी. खोके तिथेच उघडून, खोबणीवरचे प्लॅस्टिकचे झाकण अलगद उचलून, आतल्या केसासारख्या पिना तिरक्या उजेडात पाहिल्या. सगळ्या एका ओळीत आहेत याची खात्री केली. वाकलेली पिन घरी आल्यावर दिसली, तर ती तुम्हीच वाकवली असे ठरते आणि वॉरंटी सहसा ते नुकसान भरून देत नाही. बिलावर बोर्डाचा अनुक्रमांक लिहवून घेतला. ते झाकणही टाकू दिले नाही, कारण बोर्ड कधी परत पाठवायची वेळ आली, तर खोबण झाकायला तेच लागते. भाची ते केराच्या टोपलीत टाकणारच होती. सध्या ते बिलासकट आमच्या कपाटात, पंचांगाच्या खाली आहे.