टकटक, घर्रर्र, सूंऽऽ : किल्ली फिरवताना गाडी काय सांगते
गाडीशी ओळख : लेखांक सातवा

मागच्या आठवड्यात बॅटरीच्या आत काय चालतं ते पाहिलं. आता त्या बॅटरीवर सगळ्यात मोठा भार कधी पडतो ते पाहू. तो पडतो किल्ली फिरवल्यावर, पहिल्या दोन सेकंदांत, आणि गाडीचे बहुतेक विचित्र आवाज नेमके तेव्हाच येतात. पावसाळा तोंडावर आला की सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोलीकडच्या गॅरेजांत एकच वाक्य सारखं ऐकू येतं : "सेल्फ मारला की कसला तरी आवाज येतो." त्यावर ठरलेलं उत्तर असतं, "बॅटरी बदला." या उत्तराला माझी हरकत आहे. आवाज नीट ऐकला तर अर्धं निदान तिथेच होतं, आणि बॅटरी निर्दोष सुटण्याचे प्रसंगही बरेच येतात.

ऐकणं आपल्या लोकांना शिकवायला नको. खानदेशातून येऊन सुरतच्या लूम्सच्या खात्यांत उभं आयुष्य काढलेली माणसं शेकडो मागांच्या गदारोळात एका मागाची चाल बिघडल्याचं ओळखतात. तोच कान बॉनेटजवळ लावायचा आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ बसला. तोवर इंजिन हँडल मारून सुरू करावं लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. केटरिंग यांनी त्याआधी दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवलं होतं, त्यामुळे एक गोष्ट त्यांना पक्की माहीत होती : मोटर काही सेकंदच चालणार असेल, तर लहानशा मोटरीवरही तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकता येतो. आजचा सेल्फ याच तत्त्वावर चालतो. म्हणून किल्ली दहा सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये, आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धं मिनिट थांबावं. सेल्फ जळतो तो याच घाईत.

सेल्फच्या डोक्यावर सोलेनॉइड असतो. त्यात दोन वेटोळी : एक जोरात खेचणारं, दुसरं धरून ठेवणारं. किल्ली फिरली की दोन्ही मिळून आतला दांडा ओढतात. दांडा एका बाजूने छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये ढकलतो आणि दुसऱ्या बाजूने मोटरीचा जाड संपर्क जोडतो. संपर्क जुळताच खेचणारं वेटोळं बाद होतं आणि सगळी मदार धरणाऱ्यावर येते.

आता बॅटरी उतरलेली असेल तर काय होईल? दांडा खेचला जातो, संपर्क जुळतो, मोटर एकदम मोठा करंट मागते आणि व्होल्टेज कोसळतं. धरणाऱ्या वेटोळ्यात दम उरत नाही, दांडा सुटतो. भार गेल्यामुळे व्होल्टेज पुन्हा वर येतं, दांडा पुन्हा खेचला जातो. हा खेळ सेकंदाला अनेकदा चालतो, आणि आपल्याला ऐकू येतं टरटरटर किंवा टकटकटक. हा आवाज ऐकला की सेल्फ खोलायला देऊ नका. दांडा धडपडतो आहे म्हणजे सोलेनॉइड जिवंत आहे. कमी पडते आहे ती वीज.

वीज मात्र दोन कारणांनी कमी पडते, आणि इथेच घोळ होतो. एक, बॅटरीतच नाही. दोन, बॅटरीत आहे पण वाटेत अडते. सुरतेत हे दुसरं कारण फार. डुमस-हजिऱ्याचा समुद्र जवळ, हवा दमट आणि खारट. टर्मिनलवर पांढरी-निळसर पूड धरते आणि बॅटरीपासून बॉडीला व इंजिनाला जाणारी अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली गंजते. वरून सगळं ठाकठीक दिसतं.

"लाइट लख्ख लागतात, मग वायरिंग बरोबरच असणार," असं लोक ठामपणे म्हणतात. हिशेब करून पाहा. सांध्यात एक शतांश ओहमचा रोध आला असं धरू. अर्धा अँपिअर घेणाऱ्या दिव्यासाठी तिथे ०.००५ व्होल्ट खर्ची पडतात, दिव्याला पत्ताही लागत नाही. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ १५० अँपिअरच्या आसपास घेतो, तेव्हा त्याच सांध्यात दीड व्होल्ट जातात. दीड व्होल्ट गुणिले दीडशे अँपिअर म्हणजे सव्वादोनशे वॅट उष्णता एका बोल्टाखाली! सेल्फ मारल्यावर एखादं टर्मिनल गरम लागलं, तर दोष तिथेच आहे. जुन्या गाड्यांत अर्थिंग पुरतं तुटलं, तर करंट क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबलच्या वेष्टनातून धूर येतो. लोक क्लचचा दोष शोधत बसतात.

म्हणून प्रत्येक घरी एक साधा मल्टिमीटर असावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे. इंजिन सुरू झाल्यावर पावणेचौदा ते साडेचौदा दिसले तर अल्टरनेटर काम करतो आहे.

खरी चाचणी पुढची आहे, आणि ती फारसं कुणी करत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण खुंटीवर टेकवा. क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटीवर. दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी ०.२ व्होल्टपर्यंत दिसलं तर अर्थिंग ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर नवी बॅटरी घेऊन काहीही साधणार नाही. सांधे उघडा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारा, कोरडं करून घासा, घट्ट आवळा आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. काढताना ऋण तार आधी, लावताना ती सगळ्यात शेवटी. पाना चुकून बॉडीला लागला तरी मग ठिणगी उडत नाही.

एकच दणदणीत "टक" आणि पुढे शांतता, हा वेगळा आवाज आहे. रात्री हेडलाइट भिंतीवर पाडून सेल्फ मारा. प्रकाश जवळजवळ विझला तर पुन्हा बॅटरी आणि सांधे. प्रकाश जराही हलला नाही, तर मोटर करंट घेतच नाही : सोलेनॉइडचे संपर्क जळलेत किंवा कार्बन झिजलेत. आता सेल्फ उतरवायला हरकत नाही. पण अख्खा सेल्फ बदलण्याआधी नुसते कार्बन बदलून मागा.

सूंऽऽ असा मोकळा आवाज येतो आणि इंजिन हलत नाही, तेव्हा मोटर फिरते पण तिची एकदिशा क्लच घसरते किंवा पिनियन रिंगपर्यंत पोचत नाही. घर्रर्र म्हणजे दातांची झटापट. ती कधी होते, कधी होत नाही, म्हणून मालक गोंधळतो. कारण मजेदार आहे : चार सिलिंडरांचं इंजिन बंद होताना बहुधा दोनच ठरावीक जागी थांबतं, म्हणून रिंगचे दातही तिथेच झिजतात. घर्रर्र झाल्यावर किल्ली काढून गाडी टॉप गिअरमध्ये टाका, थोडी पुढे ढकला, न्यूट्रल करून पुन्हा सेल्फ मारा. आवाज गेला तर दोष रिंगचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावी जाणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. सोनगड, नवापूर मागे टाकून कोंडाईबारीचा घाट चढला, चहाला थांबलं, आणि निघताना नुसतं "टक". तांब्याचं तापमान ५० अंशांनी वाढलं की त्याचा रोध सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. तापलेला सेल्फ आणि आधीच कच्चा सांधा एकत्र आले की गाडी अडते. अर्ध्या तासाने तीच गाडी मुकाट सुरू होते. ती बरी झाली असं समजू नका, घरी पोचल्यावर वरची चाचणी करा. उलट गाडी महिनाभर उभी असेल तर हिशेब आणखी सोपा : घड्याळ, अलार्म वगैरे मिळून ५० मिलिअँपिअर खात असतील, तर ३० दिवसांत ३६ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची बॅटरीच ३५ ची असते.

काही आवाज निरोगी असतात. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखाली दोन सेकंद येणारी गुणगुण पेट्रोल पंपाची. सीएनजी गाडी पेट्रोलवर सुरू होऊन गॅसवर जाते तेव्हाची "टक" गॅसच्या व्हॉल्व्हची. सुरू झाल्यावर येणारी चीं मात्र बेल्टची, तिच्याबद्दल पुढच्या लेखांकात.

शेवटचं, आणि या ऋतूत सगळ्यात महत्त्वाचं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. मिठी खाडीचं पाणी तर लिंबायतकरांना आजही पावसाळ्यात भेटतं. बुडालेल्या गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही. सेल्फ मारताच "टक" करून इंजिन अडतं, आणि कसंबसं फिरलंच तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फमधला चिखल वेगळाच. तेव्हा पाणी सीटपर्यंत चढून गेलेलं असेल, तर सुरू होते का ते बघण्यासाठीसुद्धा किल्ली लावू नका. बॅटरीची ऋण तार काढा, गाडी ओढून गॅरेजला न्या, आणि प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय कुणालाही सेल्फ मारू देऊ नका.